कानात बसलेला सूर : अल्पमोली इन-इअर मॉनिटरांचा आढावा

भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राच्या वसाहतीत, म्हणजे आमच्या दीपनगरात, ज्याने आयुष्याची काही वर्षे घालविली आहेत त्याला ध्वनिशास्त्राचा पहिला धडा पुस्तकातून घ्यावा लागत नाही. मिनिटाला ३००० फेरे घेणारे टर्बाइन म्हणजे सेकंदाला ५० कंपने, आणि त्या ५० आवर्तनांच्या विजेवर काम करणारे रोहित्र मात्र त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० कंपनांचा घुमारा धरते, हे गणित येथे पाळीवर जाणाऱ्याच्या कानाला आपोआप पाठ होते. ज्यांच्या दिवसपाळ्या आणि रात्रपाळ्या अशा अखंड खर्जावर उभ्या असतात त्यांनी घरी परतल्यावर कानात बोटाच्या पेराएवढे यंत्र घालून एखादा ख्याल, एखादे भावगीत किंवा एखादे अहिराणी गाणे शांतपणे ऐकू पाहावे, यात चैनीचा भाग थोडा आणि विसाव्याचा भाग फार मोठा आहे. म्हणूनच गेल्या काही वर्षांत हजार ते चार हजार रुपयांच्या किमतीत घरपोच येऊ लागलेली ‘इन-इअर मॉनिटर’ नावाची तारेची यंत्रे, ज्यांना आमची तरुण मंडळी नुसते ‘आयईएम’ म्हणतात, ती कशी पारखावीत हा प्रश्न क्षुल्लक समजून बाजूला सारता येत नाही. ज्याच्यापाशी एकच यंत्र घेण्यापुरते पैसे असतात त्याची निवड चुकली तर ती चूक त्याला पुढे दोन-तीन वर्षे रोज कानात बाळगावी लागते.

या प्रश्नाचा विचार बहुधा दोन स्वतंत्र दफ्तरांत केला जातो. आवाज कसा आहे हे एका दफ्तरात नोंदविले जाते, आणि कानाला सुख किती आहे हे दुसऱ्या दफ्तरात, तेही शेवटी उरलेल्या जागेत. माझे म्हणणे असे की ही विभागणीच मुळात सदोष आहे. कानाच्या आत बसणाऱ्या यंत्राच्या बाबतीत सुख आणि स्वर या एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत. जे यंत्र कानात नीट बसत नाही त्याचा आवाज चांगला असूच शकत नाही, मग त्याचे मापन कागदावर कितीही देखणे असो. या विधानाच्या समर्थनार्थ इतिहास, शरीररचना, मापनशास्त्र आणि अनुभव या चारांची साक्ष क्रमाने काढावयाची आहे.

प्रथम नावाचा खुलासा. ‘मॉनिटर’ हा शब्द रंगमंचावरचा आहे. गायकवादकांना आपला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्या पायाशी तिरके ठेवलेले ध्वनिक्षेपक म्हणजे मॉनिटर. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या मंचावर या ध्वनिक्षेपकांचा गलका इतका वाढत गेला की वादकांच्या श्रवणशक्तीवरच बेतू लागले. तेव्हा १९९५ साली व्हॅन हेलन या वाद्यवृंदाचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे यांनी त्यांचे तालवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्यात बसणारे मॉनिटर तयार केले, आणि त्यातूनच ‘अल्टिमेट इअर्स’ ही संस्था उभी राहिली. त्याआधीच, १९९१ साली, मीड किलियन यांच्या ‘एटिमॉटिक रिसर्च’ने ‘ईआर-४’ हे यंत्र बाजारात आणले होते. किलियन हे श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले अभ्यासक. उघड्या कानाला जे ऐकू येते तेच बंद कानातही ऐकू यावे हा त्यांचा आग्रह होता. या दोन्ही उगमांत एक गोष्ट समान आहे आणि ती आपल्या विषयाला फार महत्त्वाची आहे. कानाला बाहेरच्या गोंगाटापासून बंद करणे आणि त्या बंद जागेत अल्प शक्तीने स्वच्छ स्वर पोचविणे, हाच या यंत्राचा मूळ हेतू आहे. कान बंद करणे हा त्याचा दुय्यम गुण नसून तोच त्याचा पाया आहे.

त्या काळी ही यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. त्यांच्या आत जो ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ नावाचा सूक्ष्म ध्वनिजनक असे, तो श्रवणयंत्रांसाठी घडविलेला व महाग होता. दुसरा प्रकार गतिमान पडद्याचा, म्हणजे साध्या ध्वनिक्षेपकाचीच लघुतम आवृत्ती: चुंबकाच्या क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला सहा ते दहा-बारा मिलिमीटरांचा पडदा. तिसऱ्या, सपाट पडद्याच्या ‘प्लेनर’ प्रकाराचा प्रवेश अलीकडचा. २०१० नंतरच्या दशकात चीनमधील कारखान्यांनी हे सर्व घटक स्वस्तात घडवावयास सुरुवात केली. केझेड या कंपनीच्या ‘झेडएसएन’सारख्या यंत्रात एक गतिमान पडदा आणि एक आर्मेचर अशी जोडी अगदी थोड्या पैशांत मिळू लागली, आणि एका कानात किती ध्वनिजनक आहेत यावर यंत्राची प्रतिष्ठा ठरविण्याची एक रीत काही काळ रूढ झाली. ही रीत फसवी होती. संख्येने स्वर सुधारत नाही. पाच गवई एकत्र बसविले म्हणून मैफल रंगत नाही, ते एका सुरात असावे लागतात. एकाच पडद्याचे नीट जुळविलेले यंत्र चार ध्वनिजनकांच्या विसंवादी यंत्रावर मात करते, हे पुढे २०२२ च्या सुमारास आलेल्या एकपडदी स्वस्त यंत्रांनी निःसंशय सिद्ध केले.

आता कानाकडे वळू. बाहेरच्या पाळीपासून पडद्यापर्यंतची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, किंचित वळणाची आणि एका टोकाला बंद अशी नळी आहे. अशा नळीला तिची स्वतःची अनुनादाची जागा असते, आणि ती माणसाच्या कानात साधारणपणे अडीच ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास पडते. म्हणजे निसर्गाने व्यंजनांची स्पष्टता ज्या पट्ट्यात असते तोच पट्टा आपल्यासाठी आधीच उंच करून ठेवला आहे. इन-इअर यंत्र नलिकेच्या तोंडाशी बसले की ही नळी बंद होते आणि हा नैसर्गिक अनुनाद हरपतो. तो यंत्राच्या जुळवणीत कृत्रिमरीत्या परत द्यावा लागतो. जो उत्पादक तो देत नाही त्याच्या यंत्रात गायक पडद्यामागे उभा राहून गातो आहे असे वाटते. जो तो वाजवीपेक्षा अधिक देतो त्याच्या यंत्रात सनई आणि हार्मोनियम कानाला टोचू लागतात. त्याशिवाय बंद नलिकेत सहा ते आठ हजार हर्ट्झच्या दरम्यान एक नवाच अनुनाद उत्पन्न होतो, आणि यंत्र आत किती खोल गेले आहे यावर त्याची जागा ठरते. ते खोल गेले तर अनुनाद वर सरकतो, वरवर बसले तर खाली उतरतो. एकाच यंत्राला एक जण ‘तीक्ष्ण’ म्हणतो आणि दुसरा ‘मवाळ’ म्हणतो, यातला पुष्कळसा मतभेद अभिरुचीचा नसून दोघांच्या कर्णनलिकांचा असतो.

मापनाची साक्ष याच मुद्द्याला बळ देते. आयईसी ६०३१८-४ या प्रमाणकानुसार घडविलेला कृत्रिम कान, जो जुन्या ‘७११’ या क्रमांकाने अजूनही ओळखला जातो, त्यात यंत्र बसवून कोणत्या कंपनसंख्येला किती ध्वनी निघतो याचा आलेख काढतात. या कृत्रिम कानाच्या स्वस्त प्रतिकृती निघाल्यापासून हौशी परीक्षकांनीही आलेखांचा मोठा संग्रह उभा केला, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. जाहिरातीतील विशेषणांच्या जागी निदान एक दस्तऐवज आला. त्याच काळात हार्मन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांना, यंत्राचे नाव व किंमत न सांगता, निरनिराळ्या जुळवण्या ऐकवून बहुसंख्यांना कोणता समतोल रुचतो याची एक लक्ष्यरेषा आखली. खर्ज थोडा उचललेला, मध्यसप्तक स्वच्छ, तीन हजार हर्ट्झच्या आसपास नैसर्गिक उंचवटा आणि वर हळूहळू उतार, असे तिचे साधारण स्वरूप आहे. आजची बरीच स्वस्त यंत्रे या रेषेच्या किंवा तिच्या जवळपासच्या रेषेच्या धोरणाने जुळविलेली असतात. परंतु हा दस्तऐवज वाचताना दोन मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली ही की, कृत्रिम कान आठ-दहा हजार हर्ट्झच्या पलीकडे विश्वासार्ह दाखला देत नाही. दुसरी ही की, त्यात यंत्र नेहमी पूर्ण बंदिस्त बसविलेले असते, आणि माणसाच्या कानात ते तसे बसेलच याची हमी कोणताही आलेख देऊ शकत नाही.

किमतीची साक्ष तर अधिकच उद्बोधक आहे. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांच्या आलेखांची त्यांच्या किमतींशी तुलना केली, आणि किंमत व ध्वनीचा समतोल यांत कोणताही संबंध त्यांना आढळला नाही. याचा अर्थ महाग वस्तू वाईट असते असा नव्हे. घडण, टिकाऊपणा, सुबकपणा, हमी यांचे मोल निराळे असते आणि ते ज्याने त्याने आपल्या जमाखर्चानुसार ठरवावे. पण ज्याला दोन हजारांपलीकडे जाणे शक्य नाही अशा श्रोत्याने, आपल्याला खरे संगीत ऐकावयास मिळणार नाही अशी खंत बाळगण्याचे कारण आता उरलेले नाही. ही गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत आनंदाची वाटते.

तेव्हा ज्याच्यावर सर्व अवलंबून आहे त्या ‘बसण्या’चा विचार सविस्तर करू. बंदिस्त लहान जागेत खर्जाचा दाब टिकून राहतो. त्या जागेला एखादी बारीक फट पडली की खर्ज त्या फटीतून निघून जातो आणि उरतो तो केवळ पत्र्यासारखा वरचा आवाज. ‘या यंत्राला बेसच नाही’ अशी जी तक्रार सर्रास ऐकू येते, तिच्यातील निम्म्याहून अधिक प्रकरणांत दोषी यंत्र नसून त्याच्या टोकावरची रबरी टोपी, म्हणजे टिप, असते असा माझा अनुभव आहे. सोबत आलेल्या तीन जोड्यांपैकी मधली जोडी बहुतेक जण न बदलता वापरतात. ती कानाला लहान पडत असेल तर यंत्र सैल राहते, मोठी पडत असेल तर ते आत जातच नाही, आणि दोन्ही बाबतीत खर्जाचा बंदोबस्त ढासळतो. पुष्कळांचे दोन कानही सारखे नसतात. उजव्याला मधली आणि डाव्याला मोठी टोपी लागणे यात काही विपरीत नाही. कानाची पाळी एका हाताने किंचित वर व मागे ओढून, नलिकेचे वळण सरळ करून, यंत्र हलके फिरवीत आत बसवावे. मग काहीही न वाजविता स्वतःशी एक शब्द उच्चारावा. आपलाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमला तर कान बंदिस्त झाला असे समजावे. हा घुमारा हाडांतून येणाऱ्या ध्वनीचा आहे. उघड्या कानातून तो बाहेर निघून जातो, बंद कानात तो अडकून राहतो. ऐकताना तोच चावण्याच्या, चालण्याच्या आणि तार कपड्याला घासण्याच्या आवाजाच्या रूपाने त्रासही देतो. म्हणून तार कानावरून मागे वळवून नेण्याची जी पद्धत या यंत्रांत आहे ती शोभेची नसून घासण्याचा आवाज तोडण्यासाठी आहे.

सुखाचा विचार करताना वजन, आकार आणि नळीची जाडी या तीन बाबींचा तपशील पाहावा. कवच कानाच्या पाळीतल्या खोलगट भागात टेकते. तेथील कूर्चेवर कोठेही धार किंवा टोक लागत असेल तर ते पहिल्या दहा मिनिटांत जाणवत नाही, पाऊण तासाने मात्र असह्य होते. म्हणूनच दुकानात किंवा मित्राच्या घरी पाच मिनिटे घालून पाहण्याला फारसा अर्थ नाही. एखादा संपूर्ण विलंबित ख्याल संपेपर्यंत यंत्र कानात राहिले आणि त्याची आठवण झाली नाही, तरच ते सुखकर म्हणावे. नलिकेत जाणाऱ्या नळीचा व्यास साडेपाच मिलिमीटरांच्या वर गेला की लहान कानांना, विशेषतः पुष्कळ स्त्रियांच्या आणि किशोरांच्या कानांना, आतून ताण बसतो. काही यंत्रे कानात घालताना दाबाने यंत्राच्या आतला पडदा कुरकुरतो; तो दाब निघून जावा म्हणून कवचाला एक सूक्ष्म छिद्र ठेवलेले असते, आणि ते त्वचेने झाकले गेले तर कानांना दडे बसल्यासारखे वाटते.

खानदेशातील श्रोत्याला याशिवाय हवामानाचाही हिशेब मांडावा लागतो. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. घामाने सिलिकॉनची टोपी निसरडी होते, फोमची टोपी घाम शोषून लवकर निकामी होते, आणि धातूचे कवच उन्हात ठेवलेले असेल तर कानाला चटका देते. पावसाळ्यात दमट, बंद कानात बुरशीचा उपद्रव होतो, हे कोणताही कानाचा वैद्य सांगेल. यावर उपाय साधे आहेत: टोप्या आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात, नळीच्या तोंडावरची जाळी मऊ ब्रशाने मळ खाली पडेल अशा रीतीने उलटी धरून झाडावी, दुसऱ्याचे यंत्र कानात घालू नये, आणि कान वाहत असेल किंवा खाजत असेल तर यंत्राला रजा द्यावी. एका कानाचा आवाज कमी झाला म्हणून यंत्र बिघडले असा निवाडा देण्यापूर्वी जाळीत मळ साचला आहे काय हे पाहावे; पुष्कळदा दुरुस्ती तेवढ्यावरच भागते.

आता बाजारातील काही नमुन्यांकडे पाहू. अर्थात संपूर्ण यादी देण्याचा हेतू नाही, केवळ वरील तत्त्वे व्यवहारात कशी उतरतात हे दाखवावयाचे आहे. २०१९ मधील ब्लॉन बीएल-०३ हा एकपडदी नमुना त्याच्या स्वराच्या उबदारपणासाठी नावाजला गेला, पण त्याची नळी आखूड असल्यामुळे सोबतच्या टोप्यांनी तो अनेकांच्या कानात बसेना. लोकांनी निराळ्या टोप्या लावल्या तेव्हा त्याचा खरा आवाज त्यांना कळला. आपल्या मुख्य सिद्धान्ताला याहून बोलका दाखला नाही. २०२२ साली मूनड्रॉप चू आणि सेव्हन हर्ट्झ सॅलनोट्स झीरो हे वीस डॉलरांच्या आसपासचे, आपल्याकडे साधारण दीड ते दोन हजारांत पडणारे नमुने आले, आणि एवढ्या पैशात मध्यसप्तकाचा इतका प्रामाणिक समतोल मिळू शकतो हे प्रथमच सर्वांना मान्य करावे लागले. पहिल्या चूची तार कायमची जोडलेली होती, म्हणजे तार तुटली की यंत्र संपले. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सुटी झाली. सुट्या तारेचा लाभ अल्पमोली यंत्रात फार मोठा आहे, कारण तेथे बहुधा सर्वांआधी तारच जाते. सिंगापूरचे परीक्षक क्रिनॅकल यांच्या सहकार्याने निघालेले ट्रूथइअर झीरो हे दोन पडद्यांचे यंत्र खर्जाच्या सखोलपणासाठी वाखाणले गेले, परंतु त्याची नळी जाड असल्यामुळे लहान कानांना ते मानवत नाही अशी नोंद अनेक परीक्षकांनी केली. म्हणजे पुन्हा तेच: आलेख एक सांगतो, कान दुसरे सांगतो, आणि अखेरचा शब्द कानाचा असतो.

ऐकून पारखण्यासाठी पाश्चात्त्य परीक्षक जी ध्वनिमुद्रणे सुचवितात त्यांवर आपण विसंबून राहण्याचे कारण नाही. आपल्या संगीतात आणि आपल्या भाषेत याहून काटेकोर कसोट्या आहेत. पहिली कसोटी तानपुऱ्याची. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या एका तारेतून स्वरांशांची जी चढती माळ उमटते ती यंत्रात अखंड आणि सरळ ऐकू आली पाहिजे. कोठे एखादा स्वरांश उसळून बाहेर येत असेल तर तेथे आलेखात सुळका आहे, कोठे माळ तुटत असेल तर तेथे खळगा आहे असे समजावे. दुसरी कसोटी तबल्याच्या बायाची. मनगटाने दाबून काढलेली त्याची मींड खालपर्यंत ठळक उतरली पाहिजे, आणि ती उतरत असताना गायकाच्या आवाजावर तिची सावली पडता कामा नये. स्वस्त यंत्रांत खर्ज फुगवून ग्राहकाला क्षणभर भारून टाकण्याची जी खोड आहे ती ढोलकीवर फारशी उघडी पडत नाही, पण विलंबित लयीतल्या बायावर लगेच उघडी पडते.

तिसरी कसोटी भाषेची, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. मराठीत ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगणे सुरू ठेव, हे दोन शब्द लिहिताना एक आणि उच्चारताना भिन्न आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च तसाच भिन्न. हा भेद ज्या घर्षणध्वनीवर उभा आहे तो वरच्या पट्ट्यात असतो, आणि ज्या यंत्राचा वरचा पट्टा मंद आहे त्यात तो पुसट होतो. ज्याचा वरचा पट्टा उग्र आहे त्यात उलट प्रत्येक स आणि श शिट्टीसारखा वाजतो. आमच्या भागात याच्या जोडीला बहिणाबाईंची भाषा आहे. आसोद्याच्या या कवयित्रीच्या लेवा बोलीत ळ जाऊन त्याच्या जागी य येतो, आणि तो य इतका हलका असतो की मध्यसप्तक मागे गेलेल्या यंत्रात तो नुसत्या स्वरात विरघळून जातो. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी संगीत दिलेली बहिणाबाईंची गीते ऐकावीत. त्या काळच्या मुद्रणात खर्ज थोडा, खरखर थोडी, पण शब्द मात्र समोर बसून म्हटल्यासारखा आहे. ज्या यंत्रात तो शब्द आपल्या आजीच्या तोंडचा वाटेल ते यंत्र मराठी श्रोत्याच्या कामाचे, असे मी निःशंक म्हणतो.

दोन यंत्रांची तुलना करताना एक दक्षता अवश्य घ्यावी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले की ध्वनीची पातळी बदलली की कानाला खर्ज आणि तार यांचे प्रमाणही बदललेले भासते. दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते ते अधिक भरदार वाटते आणि श्रोता त्यालाच कौल देतो. तेव्हा प्रथम दोघांचा आवाज कानाच्या अंदाजाने तरी सारखा करावा आणि मगच मत बनवावे. नव्या यंत्राचा ‘पडदा मोकळा होण्यासाठी’ शंभर तास वाजवीत ठेवावे अशी शिफारस केली जाते. प्रत्यक्षात त्या मुदतीत मुख्यतः श्रोत्याचा कानच सरावतो. महागड्या तारांविषयी जी मखलाशी केली जाते तिच्याकडेही दुर्लक्ष करावे; तो पैसा चांगल्या टोप्यांवर खर्चावा. ब्लूटूथची बिनतारी यंत्रे सोयीची आहेत खरी, पण त्यांची बॅटरी काही वर्षांत थकते आणि त्याबरोबर यंत्रही निकामी होते. ज्याला थोड्या पैशात दीर्घकाळ ऐकावयाचे आहे त्याने तार पत्करावी, आणि मोबाइलला गोल छिद्र नसेल तर टाइप-सीचा लहान जोडखंड घ्यावा.

आता अखेरचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १२ ते ३५ वर्षे वयाच्या शंभर कोटींहून अधिक लोकांची श्रवणशक्ती असुरक्षित ऐकण्यामुळे धोक्यात आहे. त्या संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मिळून जे प्रमाणक ठरविले आहे त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांसाठी तेवढ्याच काळासाठी ७५ डेसिबल, ही मर्यादा आहे. डेसिबलची ही मोजपट्टी निर्दय आहे: पातळी तीन डेसिबलने वाढली की मुभा निम्मी होते, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला केवळ ५ तास. येथे चांगल्या बसणाऱ्या यंत्राचे महत्त्व आणखी एका अंगाने सिद्ध होते. ज्याचा कान बंदिस्त आहे त्याला रेल्वेच्या डब्यातही आवाज वाढवावा लागत नाही. ज्याचे यंत्र सैल बसले आहे तो गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज चढवीत जातो आणि भुसावळहून मुंबईला पोचेपर्यंत आपल्या आठवड्याचा साठा संपवून बसतो. मात्र हेही लक्षात ठेवावे की रबरी टोपी वरचे ध्वनी चांगले अडविते, खालचा घुमारा तितकासा अडवीत नाही. म्हणून टर्बाइनच्या सभागृहात जाताना आयईएम हे कर्णरक्षकाचे काम करील अशी समजूत कोणीही करून घेऊ नये. तेथे प्रमाणित इअरप्लग किंवा इअरमफच वापरले पाहिजेत, आणि संगीत तर मुळीच ऐकू नये, कारण धोक्याची घंटा ऐकू येणे हा त्या जागेचा पहिला नियम आहे. रस्त्यावर आणि रुळांलगत चालतानाही हाच नियम पाळावा.

एवढ्या साक्षीपुराव्यानंतर निवाडा असा पडतो. हजार ते तीन हजार रुपयांच्या मर्यादेत आज एक किंवा दोन पडद्यांचे, सुट्या तारेचे, हलक्या कवचाचे आणि मध्यम जाडीच्या नळीचे यंत्र घेणे हा बहुसंख्य श्रोत्यांसाठी पुरेसा आणि योग्य मार्ग आहे; त्यापलीकडे खर्च करावयाचा असेल तर तो घडणीसाठी करावा, स्वराच्या लोभाने करू नये. ध्वनिजनकांची संख्या, तारेचा रंग आणि खोक्यावरची विशेषणे यांना शून्य गुण द्यावेत. आलेख पाहावा, पण तो शिफारसपत्र म्हणून. नेमणुकीचा हुकूम कानाने द्यावा. यंत्र परत करण्याची मुदत असलेल्या विक्रेत्याकडूनच खरेदी करावी, त्या मुदतीत निदान तीन संध्याकाळी सलग तासभर ऐकावे, आणि कान दुखत असेल तर कौतुकाच्या शंभर परीक्षणांना न जुमानता ते यंत्र परत पाठवावे.

आमच्या वसाहतीतील तरुण मित्रांना माझी एवढीच विनंती आहे की, नवे यंत्र आल्याबरोबर गाणे लावू नका. तीनही टोप्या लावून पाहा, दोन्ही कानांचा स्वतंत्र विचार करा, बसण्याची खात्री करून घ्या, मगच गाणे लावताना आवाजाचा खटका शून्यावर आणा आणि तेथून शब्द स्पष्ट ऐकू येईपर्यंतच तो वाढवा. जेथे शब्द स्पष्ट झाला तेथे थांबा. तेवढा आवाज पुरेसा असतो, आणि तेवढ्याच आवाजात ऐकणाऱ्याचे कान म्हातारपणीही त्याच्या सोबत राहतात.